सौंसरचा समुद्र

१

लाखेची मोहर फुटली, कागदाची पट्टी निघाली, कापसाचा बोळा उपसला, आणि बाटलीतलं तेल जसंच्या तसं होतं.

पहिल्या बाटलीत तसं, दुसरीत तसं, सहावीतही तसंच. खाली पाणी हिरवंगार, जिवंत; वर तेलाची काळी साय. छिंदवाड्याहून आलेल्या दोघा परीक्षकांनी दहा दिवसांपूर्वी ते आपल्या हातानं सोडलं होतं आणि आपल्या सहीनं बाटल्या बंद केल्या होत्या. दहा दिवसांत तेल नाहीसं व्हायचं होतं. थेंबभरही हललं नव्हतं.

खिडकीशी ऋतुजा कामडी उभी होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सौंसरच्या या कॉलेजात ती अतिथी विद्वान, म्हणजे शिकवायचं सगळं आणि नोकरी कशाचीच नाही. पाच वर्षांमागं तिनं रत्नागिरीच्या खडकांतून समुद्राचं पाणी भरून आणलं होतं. त्यात एक शेवाळ होतं, एकेका पेशीचं, नुसत्या डोळ्यांना हिरवा धूर वाटावा असं. त्या शेवाळाच्या अंगावर जंतू राहत होते. शेवाळाच्या अंगची इवलीशी स्निग्धता चाटून ते एरवी दिवस काढत, आणि जहाजाचं तेल सांडलं की त्यावर तुटून पडत, तेल खाऊन संपवत. समुद्र इथून आठशे किलोमीटर. तरी त्याच्या लिटर-लिटरच्या सहा बाटल्या या खिडकीत नांदत होत्या, मिठाच्या मोजलेल्या पाण्यावर, लेकुरवाळ्या घरासारख्या.

"मी म्हणतच होतो," विभागप्रमुख सुधाकर बालपांडे म्हणाले. "मागं आपल्याले दाखवलं तेव्हा हिनं कापसानं तेल टिपून घेतलं असंन. या खेपेले लाख होती, हात घालता नाही आला."

"सर!" ऋतुजाच्या तोंडून एवढंच निघालं.

थोरल्या परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. "गुरुवारी अकरा वाजता आम्ही परत येऊ. तोवर उत्तर द्या. नाही तर पीएच.डी.ची नोंदणी रद्द होईल, आणि कारण म्हणून 'बनावट प्रयोग' असं लिहावं लागेल. मग कुठलंच विद्यापीठ तुम्हाला दारात उभं करणार नाही."

कॉलेजच्या जनभागीदारी समितीच्या वतीनं वंदना धोटे तिथं बसल्या होत्या. उद्यान विभागात तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या, पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत संत्र्याचं झाडन् झाड ओळखणाऱ्या बाई. ही पोर फ्रॉकात असल्यापासून त्यांच्या डोळ्यांसमोर वाढली होती. खोटं बोलायचं झालं तर आधी हिचे कान लाल व्हायचे. आज कान पांढरेफटक होते.

बाहेर व्हरांड्यात ऋतुजाची आई डबा घेऊन बसली होती. बोरगावची पंचफुला कामडी. रोज अकराच्या बसनं यायची, लेकीला भाकर खाऊ घालून परत जायची. आतला गलका तिनं ऐकला होता. वंदनाबाई बाहेर येताच तिनं पदर सावरून विचारलं, "काय झालं वो बाई? हिरवं तं जित्तं हाय नं?"

"हिरवं आहे. तेल गेलं नाही."

"मंग झालं तं!" पंचफुलानं सुटकेचा श्वास टाकला. "हिरवं हाय तं सगळं हाय."

ऋतुजानं मान फिरवली. बसल्या जागी डबा थंड होत गेला.

२

चौकशी वंदनाबाईंच्याच गळ्यात पडली. प्राचार्य म्हणाले, "बाई, तुम्हाला गावात कोणी खोटं सांगत नाही." खरं म्हणजे सांगत सगळेच, पण बाईंपुढं ते टिकत नसे.

त्याच दिवशी, सोमवारी दुपारी, त्यांनी ऋतुजाला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

"दाखव मले. पहिल्यापासून."

ऋतुजानं आधी जुनी काच लावली, गेल्या वर्षीच्या अहवालातली. हिरव्या गोल पेशी, आणि प्रत्येकीच्या अंगाला बारीक बारीक कण बिलगलेले, जत्रेत आईच्या लुगड्याला पोरं बिलगावीत तसे.

"हे ते. तेल खाणारे."

मग तिनं आजच्या बाटलीतला थेंब लावला. वंदनाबाईंनी डोळा टेकवला आणि दचकून मागं घेतला. पेशी त्याच, हिरव्या, टवटवीत. पण अंगं नागडी. एक कण नाही. कोणी न्हाऊमाखू घालून, पुसून, ओळीनं मांडावं तशा.

"सहाही बाटल्यांत?"

"सहाही. बाई, ते मेले. आपोआप मरत नाहीत हो असे, एकदम सगळे. कोणीतरी मारले." तिनं काच काढून ठेवली. "अन् सर म्हणतात, ते नव्हतेच."

"अजून कुठं ठेवले होते का?"

"ठेवाले उणे ऐंशीचा फ्रीज लागते. इथं साधा फ्रीज हाय, त्याच्यात सरांचा आइस्क्रीमचा डबा असते."

"शेवटचे जिवंत कधी पाहिले?"

"पोळ्याच्या आदल्या दिवशी. मंग मी चार दिवस गोव्याले परिषदेत होती. कॉलेजला छुट्टी. बाटल्या दिवसातून दोनदा हलवा लागतात, नाहीतं हिरवं तळाले बसते. ते शकुबाईले सांगून गेलती. आली अन् दुसऱ्याच दिवशी परीक्षक तेल टाकाले हजर. काच लावून पाहाचं राह्यलं." तिनं बाटलीकडं पाहिलं. "हिरवं छान दिसत होतं नं."

वंदनाबाईंनी टेबलावर काढून ठेवलेले कापसाचे सहा बोळे एकेक करून उचलले. पाच सारखे होते, दाबून बसवलेले, दुकानातल्या गुंडाळीचे. सहावा वेगळा. मऊ, घरचा कापूस. त्यात सरकीचं एक काळं टरफल अडकलेलं. आणि तो दाबलेला नव्हता, वळलेला होता. खाली फुगीर, वर निमुळता.

"हा तुझा?"

ऋतुजानं पाहिलं. तिच्या भुवया चढल्या. "नाही. मी असा करतच नाही."

३

सुधाकर बालपांडे आपल्या खोलीत संत्रं सोलत बसले होते. लिंगा रस्त्याला त्यांची चारशे झाडं.

"मॅडम, तुम्ही माझ्यावर शंका घेऊन राहिल्या का?"

"मी सगळ्यांवरच घेऊन राहिले सर. वयच झालं तसं."

ते हसले, पण फोड तोंडात जाता जाता थांबली. "माझं नाव तिनं शोधनिबंधात टाकलं नाही, हे खरं. मी चिडलो, हेही खरं. पण मला तिचा काटा काढायचा असता तं बाटली उचलून मोरीत ओतली असती. एवढा नाजूकपणा मले कुठून यावा? माझ्या हातून फुलदाणी फुटते."

हे मात्र खरं होतं. त्यांच्या टेबलावर चिकटपट्टीनं जोडलेली फुलदाणी होती.

अभिजीत हा दुसरा अतिथी विद्वान. पुढल्या वर्षी कायमची एकच जागा भरायची होती, आणि तिच्या दारात हे दोघंच उभे होते. ऋतुजाला 'समुद्रवाली' हे नाव त्यानंच पाडलं होतं. त्याच्या काकाचं पांढुर्ण्याला कृषी केंद्र होतं, खतं आणि फवारणीची औषधं विकायचं.

"काकू, सरळ विचारा नं," तो म्हणाला. "मी टाकलं का काही? नाही. टाकाचा विचार आला का? आलता. खोटं कायले बोलू? ते लाखेच्या आदल्या दिवशी मी त्या खोलीत उभा राह्यलो होतो दहा मिनिटं."

"मग?"

"ते हिरवं पाहत राह्यलो. आपल्या नळाच्या पाण्यावर, दोनशे ग्रॅम मिठावर तिनं समुद्र जगवला राजेहो. मले कॉलेजच्या बगिच्यातली तुळस नाही जगवता आली." त्यानं खांदे उडवले. "अन् मारलं असतं तं सगळंच मेलं असतं. आमच्या काकाच्या दुकानातली कोणतीही पुडी उघडा, मी तं अख्खी ओतली असती. मोजून कोण मारते?"

वंदनाबाई दारापर्यंत गेल्या होत्या. त्या तिथंच थबकल्या.

मोजून कोण मारते?

४

शकुबाई प्रयोगशाळेची चाकरीण. किल्ली तिच्या कमरेला. सावरगाव तिचं माहेर, जाम नदीच्या पलीकडचं, आणि बोलणं गोटमारीतल्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवरून चालणाऱ्या दगडफेकीतल्या गोट्यासारखं, नेम धरून.

"पोळ्याले कोण आलं होतं गं खोलीत?"

"कोण येणार? छुट्टीच्या दिवशी इथं कुत्रं बी फिरकत नाही."

"बाटल्या हलवल्यास?"

"हलवल्या नं. दोन टाइम."

"गोटमारीच्या दिवशीही?"

"हो जी."

"दरवर्षी तू गोटमारीला माहेरी असतेस."

शकुबाईनं फडकं पिळलं. कोरडंच होतं ते. "औंदा नाही गेली."

"बरं. मग जामसांवलीच्या मारोतीची आण घे, अन् मी जातो."

शकुबाईचा हात कमरेच्या किल्लीवर गेला.  मग ती एकदम उसळली, "देवाले कायले मधात आणता वो बाई? देव का बाटल्या हलवाले आला होता?"

 शकुबाई दिवसाला दहा खोटं बोले, पण मारोतीच्या नावानं एकही नाही. म्हणजे ती सौंसरात नव्हती. मग चार दिवस त्या बाटल्या हलवल्या कोणी? न हलवता हिरवं असं टवटवीत राहिलंच नसतं. कोणीतरी आलं होतं. आलं होतं, आणि नेमानं, दोन वेळा, हलवून गेलं होतं.

मारायला आलेला माणूस बाटल्या कशाला हलवील?

५

मंगळवारी सकाळी वंदनाबाईंनी स्वयंपाकघरात चार वाट्या मांडल्या. चारही वाट्यांत कोमट दूध, चारहींत एकाच दह्याचं विरजण. पहिलीत आणखी काही नाही. दुसरीत ऋतुजाच्या हातचं ताजं, मोजून केलेलं खारं पाणी, तीन चमचे. तिसरीत पहिल्या बाटलीतलं पाणी, चौथीत सहाव्या बाटलीतलं, तेवढंच.

"बाई, हे काय करून राहिल्या?" ऋतुजानं विचारलं.

"दही लावते. दही म्हणजे तरी काय? जंतूच नं? तुझे तेल खातात, हे दूध नासवून सोनं करतात. ज्यानं तुझे मारले ते औषध पाण्यात अजून असेल, तर माझेही मरतील."

"मिठानं बी नाही लागत दही."

"म्हणून तर दुसरी वाटी."

भाद्रपदाचं ऊन. दुपारी तीनपर्यंत पहिली वाटी घट्ट लागली, बोट टेकवलं तर थरथरली. दुसरीही लागली, जराशी सैल. तिसरी तिरपी केली तसं दूध धावलं. चौथीतही दूधच होतं. कोमट दूध, जसं सकाळी ओतलं होतं तसं.

ऋतुजा ओट्याला टेकली. "अँटिबायोटिक."

"आपल्याकडं त्याला काय म्हणतात ठाऊक आहे? फवारणीची पुडी. संत्र्याच्या पानावर खैऱ्या पडला, कपाशीवर करपा आला, की जंतू मारायची पुडी. सहा ग्रॅमची. सुधाकर सरांच्या गोठ्यात ती आहे, अभिजीतच्या काकाच्या दुकानात आहे, बोरगावात घराघरात वळचणीला खोचलेली आहे."

"म्हणजे कोणीही टाकली असंन."

"टाकली कोणीही असती. पण हिरवं का जगलं?"

ऋतुजा विचार करत होती, शब्द सावकाश येत होते. "औषध थोडं जास्त झालं तं हिरवं बी पांढरं पडते, दोन दिवसात. कमी झालं तं जंतू वाचतात. त्याच्या मधातली जागा लय लहान हाय. माझ्या हिशेबानं लिटरले साठ मिलिग्रॅमच्या आसपास असंन, मले ती कधी गवसली नाही. सहाही बाटल्यांत बरोबर तेवढंच पडलं. बाई, हे कोणी अंदाजानं नाही केलं. तराजू पाहिजे त्याले."

"तराजू नको," वंदनाबाई म्हणाल्या.

आणि त्यांच्या हातातली वाटी खाली पडली.

६

दूध फरशीवर पसरत गेलं, आणि बाई त्याच्याकडं पाहत राहिल्या.

तराजू नको होता. एक पुडी एका लिटर पाण्यात घोळायची. त्यातलं औषधाच्या बाटलीचं एक झाकण, म्हणजे दहा मिली, दुसऱ्या लिटरभर पाण्यात टाकायचं. झालं साठ मिलिग्रॅम. ज्या बायांनी आयुष्यात तराजू हाती धरला नव्हता, त्यांना हे माप पंचवीस वर्षांपूर्वी कोणीतरी शिकवलं होतं. संत्र्याच्या रोपवाटिकेत, मांडवाखाली, ओवीत बांधून. कारण आकडे विसरतात, ओवी विसरत नाही.

पहिली माझी ओवी बाई, पुडी लोट्यात घोळावी
झाकणानं मोजूमापू, रोपा-रोपाला पाजावी

दुसरी माझी ओवी बाई, नको हात सैल सोडू
जास्त झालं औषध तं गोड रस होते कडू

"ही तं आई म्हणते," ऋतुजा म्हणाली. "रोपाले पाणी घालताना."

"ही मी बांधली," वंदनाबाई म्हणाल्या.  "पंचवीस वर्षांखाली. बोरगावच्या बायांसाठी."

 ऋतुजाच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट सरकताना बाईंना दिसली. घरचा कापूस. वळलेला बोळा, खाली फुगीर, वर निमुळता. रोज संध्याकाळी देवापुढं बसून आई मांडीवर जशा फुलवाती वळते तसाच.

"नाही," ती म्हणाली. "नाही हो बाई. तिनं कायले?"

"पोरी, ज्याला तुझा राग आहे तो अख्खी पुडी ओततो. मोजतो कोण? ज्याला हिरवं जगायला हवंय तोच. तुझी आई काल मला पहिलं काय म्हणाली, आठव. तेल गेलं का, असं नाही विचारलं तिनं."

"माझी आई माझं वाटोळं करन?"

"तू तिला त्या काचेतून कधी दाखवलं होतंस?"

ऋतुजानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "श्रावणात. मी म्हटलं, आई पाह्य, याच्या अंगावर जंतू कसे चिकटून बसले. ती लय वेळ पाहत राह्यली. काहीच बोलली नाही. मले वाटलं, तिले आवडलं."

संध्याकाळी वंदनाबाईंनी घर गाठताच शकुबाईनं दारात उभ्या उभ्याच सांगून टाकलं. भाऊ सावरगावचा, गोटमारीत उतरणारा, त्याच्यासाठी जीव टांगला होता, म्हणून गेली. किल्ली पंचफुलेला दिली. परक्याला कशी देणार? आईलाच दिली. "माई नोकरी जाईन बाई म्हणून नाही बोलली. पण मारोतीची आण खोटी नाही घेतली, पाहा."

७

बुधवारी बोरगावच्या अंगणात पंचफुला रोपांना पाणी घालत होती. वंदनाबाईंना पाहून तिनं बाज ओढली, पाण्याचा तांब्या आणला.

"पंचफुले, पोळ्याला तू बाटल्यांत काही टाकलंस?"

आणि वंदनाबाईंना सगळ्यात मोठा धक्का इथं बसला. कारण पंचफुला हसली. लाजून, जुनं गुपित उघडं पडावं तशी.

"तुमाले कसं समजलं? म्या तं ऋतूले बी नाही सांगितलं. म्हटलं पोरगी रागवन, की शिकली-सवरली मी अन् औषध देते तू."

"कशाचं औषध?"

"अवं, तुम्ही पाह्यलं नाही का त्या काचेतून? अंगभर किडे वो बाई! हिरव्याच्या अंगावर एक जागा सुटली नव्हती. आपल्या झाडावर मावा बसते नं, तसे. पोरीनं पाच वर्ष लेकरासारखं जपलं, अन् तिले दिसूनच नाही राह्यलं की ते खाऊन राह्यले त्याले. मले झोप नाही लागली दोन रात्री. मंग किल्ली हाती आली. सकाळी पुरण टाकलं, पुडी घोळली, अन् गेली. सहा बाटल्या, सहा झाकणं. एकीचा कापूस ओला झाला, तं घरचा लावला." ती अभिमानानं म्हणाली, "एक झाकण कमी नाही, एक जास्त नाही. तुमची ओवी म्हणत म्हणत दिलं."

पाठीमागं फाटकाशी ऋतुजा येऊन उभी होती.

"आई," ती म्हणाली, "ते किडेच माझे होते."

पंचफुलेच्या हातातली झारी तशीच धरलेली राहिली. पाणी एकाच रोपावर पडत होतं, पडत होतं, माती वाहून मुळं उघडी पडली तरी.

"हिरवं त्यायचं घर होतं. तेल ते खात होते. मी पाच वर्ष त्यायलेच जपलं."

"अन् म्या..." पंचफुला म्हणाली. 

 ऋतुजा वंदनाबाईंकडं वळली. "उद्या काही सांगू नका. आईचं नाव त्या कागदावर नको. मी म्हणन, मी तेल टिपून घेतलं होतं."

"वेडी झालीस का?"

"लोक हसतीन तिले. आईनं पोरीचं शिक्षण मारलं म्हणतीन. गावात राहणं मुश्कील होईन तिचं. माझं काय, मी कुठं बी शिकवीन." असं म्हणताना तिचे कान लालभडक झाले होते.

८

गुरुवारी अकराला खोली भरली होती. परीक्षक, प्राचार्य, बालपांडे, अभिजीत. दाराशी शकुबाई.

ऋतुजा उठली. "सर, पहिल्या वेळचं तेल मी..."

"बस खाली," दारातून आवाज आला.

पंचफुला आत आली.  तिनं टेबलावर तीन गोष्टी ठेवल्या: रिकामी पुडी, औषधाच्या बाटलीचं झाकण, आणि कमरेच्या पिशवीतून काढलेला कापूस.

"म्या टाकलं," ती म्हणाली. "पोरीनं नाही. मले वाटलं, रोग हाय."

बालपांडे पुटपुटले, "आई आहे, लेकीसाठी बोलणारच."

पंचफुलानं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. कापूस घेतला, उभ्यानंच तळहातावर वळला, आणि बोळा सहाव्या बाटलीच्या बोळ्याशेजारी ठेवला. सरकीच्या टरफलासकट दोघं जुळे भाऊ. वंदनाबाई उठल्या. त्यांनी वाट्यांची गोष्ट सांगितली, पुडीचं माप सांगितलं. मग म्हणाल्या, "आणि लिहायचंच असेल तर माझं नाव आधी लिहा. जंतू म्हणजे रोग, एवढंच मी तीस वर्षं गावोगाव गाऊन शिकवलं. दुसरं काही असू शकतं, हे सांगितलं नाही. मलाच ठाऊक नव्हतं."

थोरले परीक्षक सूक्ष्मदर्शकाशी गेले. त्यांनी जुनी काच पाहिली. तिच्या कडेला गेल्या वर्षीची त्यांचीच सही होती. मग आजचा थेंब पाहिला. पुन्हा जुनी. पुन्हा आजचा. 

"मॅडम," त्यांनी ऋतुजाला विचारलं, "जंतूंशिवायचं शेवाळ, जिवंत, असं तुम्हाला कधी वेगळं करता आलं होतं?"

"नाही सर. सात वेळा केलं. सातही वेळा हिरवं मेलं."

"तेल शेवाळ खातं की जंतू खातात, हे तुमच्या अहवालात म्हणूनच सिद्ध होत नव्हतं. तीच तर माझी शंका होती." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "तीच बाटली. तेच पाणी. तेच हिरवं. माझ्या हातचं तेल, माझी लाख. फक्त जंतू नाहीत. आणि तेल थेंबभर कमी झालेलं नाही."

ऋतुजा एकदम खुर्चीवर बसली. ज्याला सगळे पुरावा नसणं म्हणत होते, तोच पुरावा सहा बाटल्यांत भरून समोर उभा होता. अभिजीत हळूच म्हणाला, "समुद्रवाली, तू सुटली."

"बाई," परीक्षकांनी पंचफुलेकडं वही सरकवली, "मापाचं पुन्हा सांगा. हळू सांगा. पाणी किती, पुडी किती."

पंचफुलानं सांगितलं. ते लिहून घेत होते. खोलीतल्या माणसांचे श्वास मोकळे झाले, प्राचार्य चहाचं बोलले, शकुबाई कप आणायला धावली. पंचफुला तेवढी तशीच उभी होती.

"साहेब, म्हणजे मेले नं ते? सगळे?"

परीक्षकांची लेखणी थांबली. "हो."

"पोरीचं काम झालं तरी मेलेच नं?"

 सुटकेचं हसू ज्याच्या त्याच्या तोंडावर अर्ध्यात राहिलं. मोरीत ओतता येईल अशा न दिसणाऱ्या जिवांसाठी या खोलीत पहिल्यांदाच कोणी सुतक धरलं होतं, आणि ते मारणाऱ्या हातानं.

व्हरांड्यात ती पायरीवर बसली. ऋतुजा शेजारी टेकली. वंदनाबाई खांबाशी उभ्या राहिल्या.

"किती वेळ लागला असंन त्यायले?" पंचफुलानं विचारलं.

ऋतुजाला खोटं सांगता आलं असतं. "एक दिवस. जास्तीत जास्त."

"म्या सांजच्याला पुन्हा आलती हलवाले. म्हणजे तवा मरून राह्यले होते." तिनं डोळे पुसले नाहीत. "समुद्रात अजून हायेत?"

"हायेत आई. जिथं हिरवं, तिथं ते. आणा लागतीन."

"आणू. मी येतो संगं." मग ती लेकीकडं पूर्ण वळून बसली, मांडी घालून, ओवी शिकायला बसत असे तशी. "पण आधी सांग. त्यायचं नाव काय, खातात काय, भेतात कायले. पाच वर्ष डबा आणून राह्यली मी, अन् तू एक दिवस सांगितलं नाही."

ऋतुजानं तोंड उघडलं. पाच वर्षं भरसभेत, परिषदेत, परीक्षकांपुढं सांगितलेलं सगळं तिच्या जिभेवर आलं, आणि त्यातलं एक वाक्य आईला कळेलसं नव्हतं. ते सगळं तिनं सोडून दिलं. मग म्हणाली, "आई, समुद्र तू पाह्यला नाही नं? मंग तिथूनच सांगतो."